आधी बल्ब, मग रेडिओ

दिवाळीची आवराआवर झाली की या सदराकडे पत्रांचा गठ्ठा येतो, हे आता मला पाठ झालंय. माळ्यावरून रेडिओ खाली येतो. घरातलं एक जण म्हणतं, ‘भंगारात द्या’, दुसरं म्हणतं, ‘थांबा, अण्णांचा आहे’, आणि भांडण मिटेना की मला पत्र. माझ्या वडिलांचं मिरजेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. शाळेतून आले की रेझिस्टन्सवरचे रंगांचे पट्टे वाचून ते आपापल्या डब्यांत टाकायचं काम माझ्याकडे असे. दुकान कधीच बंद झालं, टेबल घरी आलं. त्याच टेबलावर बसून ही उत्तरं लिहितेय. नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत, गावं ठेवली आहेत.

*

ताई, आजोबांचा फिलिप्सचा व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) रेडिओ तीस-पस्तीस वर्षं माळ्यावर पडून होता. मेन वायर उंदरांनी खाल्लीय, ती मी बदलू शकतो. नवी वायर जोडून प्लगात घालून बघू का? वाजला तर वाजला. (सातारा)

‘वाजला तर वाजला’ या एका वाक्यानं जेवढे ट्रान्सफॉर्मर जळाले असतील, तेवढे आकाशातल्या विजेनंही जळाले नसतील. नका घालू.

आत ॲल्युमिनियमच्या नळकांड्यासारखे एक-दोन मोठे कंडेन्सर (हल्लीच्या भाषेत कपॅसिटर) दिसतील. आम्ही त्यांना फिल्टर म्हणतो. त्यांच्या पोटात ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा गुंडाळलेला असतो, पत्र्यावर ऑक्साइडचा थर असतो आणि वीज अडवून धरतो तो हा थर. सेट रोज लागत असेल तर थर टिकतो, वर्षानुवर्षं बंद राहिला की विरत जातो. अशा सेटला एकदम २३० व्होल्ट दिले की कंडेन्सर वीज अडवायची सोडून पिऊ लागतो. तो तापतो, फुगतो, कधी फुटतो. एसीची डीसी करणाऱ्या रेक्टिफायर व्हॉल्व्हवर ताण येतो आणि त्याच्या मागे उभा असलेला मेन ट्रान्सफॉर्मर धूर सोडतो. कंडेन्सर दुकानात मिळतो. तो ट्रान्सफॉर्मर मिळत नाही, भरून, म्हणजे नव्यानं तार गुंडाळून, घ्यावा लागतो, आणि भरून देणारे हात आता शोधावे लागतात.

तेव्हा आधी मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढा आणि व्हॉल्व्हवरची अक्षरं वाचा. नुसती वाचा, पुसू नका. ओलं फडकं लागलं की ती अक्षरं काचेवरून अशी जातात की पुन्हा तो व्हॉल्व्ह कुठला हे कळायला पंचाईत. पहिलं अक्षर ‘ई’ असेल, म्हणजे ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईएल ८४, ईझेड ८० अशी मंडळी असतील, तर फिलामेंट, म्हणजे व्हॉल्व्हमधल्या तापणाऱ्या तारा, ६.३ व्होल्टचे आहेत आणि सेटला बहुधा मेन ट्रान्सफॉर्मर आहे. पहिलं अक्षर ‘यू’ असेल, यूसीएच ८१, यूसीएल ८२, यूवाय ८५ वगैरे, तर हात मागे घ्या. त्या सेटला ट्रान्सफॉर्मर नसतो. सगळे फिलामेंट दिव्यांच्या माळेसारखे एकापुढे एक जोडलेले, आणि घरातल्या विजेची एक तार सरळ चॅसीला, म्हणजे सगळं ज्यावर बसवलंय त्या पत्र्याच्या सांगाड्याला. दोन पिनांचा प्लग सुलटा बसला तर चॅसीवर न्यूट्रल, उलटा बसला तर फेज. अशा सेटच्या नॉबला बाजूनं एक बारीक भोक असतं, आत स्क्रू आणि वर मेण भरलेलं. नववीत असताना तो मळ समजून मी टाचणीनं उकरून काढला होता, नॉब स्वच्छ दिसावा म्हणून. संध्याकाळी आवाज वाढवायला गेले आणि स्क्रूला बोट लागलं. हात कोपरापर्यंत बधिर. वडील ओरडले नाहीत. मेणबत्ती पेटवली, भोकात चार थेंब टाकले आणि मला म्हणाले, ‘आता कळलं ना, कशाला होतं ते.’ ‘यू’वाला सेट नवशिक्यानं आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय (सेटला घरच्या विजेपासून वेगळा ठेवतो तो) उघडूच नये.

तुमचा सेट ‘ई’वाला निघाला असं धरून पुढचं सांगते. एक सिरीज बोर्ड करा: लाकडी फळी, एक होल्डर, एक सॉकेट. फेजची तार आधी बल्बमधून जाईल, मग सॉकेटला. बल्ब जुना, तारेचा, ६० वॉटचा. एलईडीचा उपयोग नाही. हल्ली तारेचे बल्ब किराणा दुकानात मिळेनासे झालेत, दिसले तर चार घेऊन ठेवा. ईझेड ८०, म्हणजे तो रेक्टिफायर, काढून बाजूला ठेवा आणि सेट बोर्डावर लावा. बल्ब मंद लालसर राहिला आणि बाकीच्या व्हॉल्व्हमध्ये निखाऱ्याची टोकं दिसू लागली तर देव पावला, ट्रान्सफॉर्मर शाबूत आहे. बल्ब झगझगीत पेटून तसाच राहिला तर कुठंतरी शॉर्ट आहे. बंद करा. बल्ब जळतोय म्हणजे रेडिओ वाचतोय.

ईझेड ८० परत घालायच्या आधी फिल्टर बदला. जुन्यावर ३२+३२ किंवा ५०+५० मायक्रोफॅरड असं काही लिहिलेलं असेल. त्या जागी ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे सुटे कंडेन्सर घाला. मोठा घातला की घुंऽ आवाज आणखी कमी होईल म्हणून २२० घालणारे महाभाग मी पाहिलेत. ईझेड ८० ला ५० च्या पुढं झेपत नाही, दर वेळी सुरू होताना तो बिचारा मार खातो.

आणि दुसरा एक लहानसा कंडेन्सर, ज्याच्याकडे कुणी बघत नाही. स्पीकर हलवणाऱ्या ईएल ८४ च्या दोन नंबरच्या पिनेपासून मागे जा, एक ०.०१ किंवा त्याच्या आसपासचा, मेणकट कागदाचा कंडेन्सर सापडेल. वडील त्याला ‘घरभेदी’ म्हणायचे. त्याचं काम गाणं पुढं जाऊ द्यायचं आणि मागचे शेकडो व्होल्ट अडवायचे. म्हातारा झाला की तो थोडे व्होल्ट झिरपू देतो. रेडिओ वाजत राहतो, तक्रार काही नाही, आणि आत ईएल ८४ ची प्लेट हळूहळू लाल होत असते. ईएल ८४ काढून, सेट चालू करून, त्याच्या सॉकेटच्या दोन नंबरच्या भोकाला मीटर लावा. शून्य दिसायला हवं. प्लसमध्ये काहीही दिसलं की तो कंडेन्सर कापा. मी तर मोजतच नाही, कागदाचा दिसला की बदलते.

बहुतेक लोक आधी व्हॉल्व्हच्या मागे लागतात, पैसे घालवतात, आणि रेडिओ तसाच घुं करत बसतो. व्हॉल्व्ह सहसा चांगले असतात. शंभरातून कितीदा, असा आकडा विचारू नका, पण मी व्हॉल्व्ह सगळ्यात शेवटी बदलते.

एक पथ्य. बंद केल्यावरही फिल्टरमध्ये अडीचशे व्होल्ट दबा धरून बसलेले असतात. १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टन्स लावून ते उतरवा, मीटरवर शून्य बघा, मगच हात. चालू सेटमध्ये मोजताना डावा हात पाठीमागे. घरात एकटे असताना मुळीच नाही.

*

आमच्याकडे पणजोबांचा चावीचा ग्रामोफोन आणि चाळीसेक तबकड्या आहेत. तबकड्यांवर पांढरी बुरशी आलीय. सर्जिकल स्पिरिटनं पुसल्या तर जंतूही मरतील ना? (बेळगाव)

जंतू मरतील. गाणंही मरेल.

७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, त्या जड, पडली की खापरासारखी फुटणाऱ्या तबकड्या लाखेच्या असतात. लाख, दगडाची पूड, काजळी आणि थोडा सुताचा तंतू यांचा तो काला. आणि लाख कशात विरघळते? स्पिरिटमध्ये. सुतार पॉलिश करताना चपडा स्पिरिटमध्ये भिजत घालतो तीच ही लाख. तुम्ही तबकडीवर स्पिरिट फिरवणं म्हणजे खोबणींचं पॉलिश करून टाकणं.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. एकोणीस वर्षांची होते. वडिलांच्या एका जुन्या गिऱ्हाइकानं नाट्यगीतांच्या तबकड्या दुकानात ठेवल्या होत्या, मशीन दुरुस्त झालं की वाजवून बघायला. मी हुशारी केली. टेप रेकॉर्डरची हेड पुसायचं स्पिरिट, कापूस, आणि मन लावून गोल गोल. कापूस काळा आला, तेव्हा वाटलं, बाई गं, किती मळ! दुसरा बोळा घेतला, तोही काळा. तिसराही. तो मळ नव्हता, तबकडी होती. जिथं पुसलं तिथं चमक जाऊन राखाडी डाग उरला, आणि सुई त्या डागावर आली की गायकाच्या तोंडावर कुणी उशी दाबल्यासारखं ऐकू येई. गिऱ्हाइकानं पैसे घेतले नाहीत, तबकडी मात्र माझ्याकडेच ठेवून गेले. अजून आहे.

तर: गार किंवा जेमतेम कोमट पाणी, त्यात भांड्यांच्या पातळ साबणाचा एक थेंब. तबकडी बुडवायची नाही, मधला कागद भिजता कामा नये, भिजला की सुटलाच. मऊ केसांचा ब्रश खोबणींच्या दिशेनं फिरवायचा, आडवा नाही. स्वच्छ पाण्यानं पुसून घ्या, जुन्या धोतराच्या कापडानं टिपा, उभी ठेवून सावलीत वाळू द्या. उन्हात ठेवली तर संध्याकाळी पापड होऊन हातात येईल.

तबकडी लाखेची की प्लास्टिकची हे नुसत्या वयावरून ठरवू नका. आपल्याकडे लाखेच्या तबकड्या फार उशिरापर्यंत निघत होत्या. साठच्या दशकात बीटल्सची गाणीसुद्धा भारतात ७८ वर आली, बाहेरच्या संग्राहकांना त्यांचं अजून अप्रूप आहे. वजन आणि टिचकीचा आवाज बघा. लाखेची तबकडी ठणकते, प्लास्टिकची बोदा आवाज करते.

चावीच्या ग्रामोफोनला पोलादी सुई लागते आणि एक सुई एका बाजूपुरतीच. लोकांना हा कंजूसपणाच्या उलटा प्रकार वाटतो, पण त्या दगडाच्या पुडीनं सुई घासून खोबणीच्या मापाची होते. तीच सुई दुसऱ्या बाजूला लावली की मग सुई खोबणीला घासते. आणि कुणी हौसेनं आणलेली नवी लाँगप्लेइंग त्याच्यावर लावू नका. सुई धरणाऱ्या त्या साउंडबॉक्सच्या वजनाखाली ती एका फेऱ्यात नांगरून निघेल.

स्प्रिंगचा डबा उघडू नका. आत गुंडाळलेली पोलादी पट्टी सुटली तर बोटं घेऊन जाते. ते काम जाणत्याकडे द्या.

*

ताई, मी इंजिनीअरिंगला आहे. जुन्या बाजारात एक लाकडी रेडिओ मिळाला. आतलं सगळं काढून ब्लूटूथ ॲम्प्लिफायर बसवायचा विचार आहे. लाकूड खराब न करता चॅसी कशी काढू? (पुणे)

चॅसी काढायची कृती मला येते, पण आज सांगणार नाही.

आधी त्याची पाठ बघ. मागच्या पट्टीवर एरियल आणि अर्थच्या भोकांशेजारी आणखी दोन भोकं असतील, वर ‘पी. यू.’ असं लिहिलेलं किंवा तबकडीचं चित्र. हे पिक-अपचं तोंड. रेकॉर्ड प्लेयर जोडायला म्हणून ती सोय पन्नास-साठ वर्षांपूर्वीच करून ठेवलेली आहे. तुझा ब्लूटूथ रिसीव्हर इथं जोड. डावा-उजवा दोन्ही चॅनल ४.७ किलोओहमच्या एकेका रेझिस्टन्समधून घेऊन एकत्र कर, कारण हा रेडिओ मोनो आहे, आणि ती एक तार पी. यू. मध्ये. बँडचा नॉब ग्रामोफोनच्या खुणेवर. झालं, तुझ्या फोनवरचं गाणं ईएल ८४ मधून वाजेल, आणि रेडिओ रेडिओच राहील. हे फक्त ‘ई’वाल्या, ट्रान्सफॉर्मरच्या सेटला. साताऱ्याच्या उत्तरात ‘यू’बद्दल लिहिलंय ते वाच, तसल्या सेटला फोनची वायर जोडलीस तर फेज तुझ्या हातात येईल. आणि त्याच उत्तरातलं फिल्टरचं काम आधी कर.

सामानाला तपकीर गल्ली तुझ्या हाताशी आहे. तिथं ‘कपॅसिटर’ म्हण नाहीतर ‘कंडेन्सर’ म्हण, दोन्ही कळतं. जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो हे तुला माहीत झालेलंच दिसतंय. तिथं आणखी एक फुटकं, चॅसी आधीच गेलेलं खोकं शोध. ब्लूटूथ त्यात बसव, माझी काही हरकत नाही.

*

आईनं जात्यावर बसून म्हटलेल्या ओव्यांची १९८८ ची कॅसेट आहे. आई आता नाही. टू-इन-वन चालू केला तर मोटर फिरल्याचा आवाज येतो पण चाकं फिरत नाहीत. दुसऱ्याच्या टेपवर लावली तर आवाज घोंगडीतून आल्यासारखा. काय करावं? (लातूर जिल्हा)

कॅसेट आता कुठल्याही टेपात घालू नका. आधी एक काम करा, कॅसेटच्या मागच्या कडेला दोन कोपऱ्यांत दोन छोट्या चौकोनी खुट्ट्या असतात, त्या मोडून टाका. त्या मोडल्या की चुकून लाल बटण दाबलं तरी वर काही रेकॉर्ड होत नाही.

मग कॅसेट उजेडाकडे धरून खिडकीतून बघा. टेपच्या कडेवर पांढरी भुकटी, म्हणजे बुरशी, आहे का? आणि मध्यभागी, जिथं टेप उघडी दिसते तिथं, पितळी पट्टीवर नमद्याचा लहानसा तुकडा चिकटलेला असतो. तो टेपला हेडवर, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरतो. जुन्या कॅसेटमध्ये त्याचा गोंद सुकतो आणि तुकडा गळून पडतो. मग आवाज घोंगडीतून येतो. तुमच्या पत्रावरून मला पहिला संशय त्याचाच आहे. तो पडलेला असेल तर टेपची रिळं दुसऱ्या, स्क्रूच्या कॅसेटच्या खोक्यात बदलायची. पाच बारीक स्क्रू, आत दोन पातळ घसरकागद, आणि टेप कुठून कुठं गेलीय याचा आधी फोटो. सवय नसेल तर आधी एखाद्या टाकाऊ कॅसेटवर दोनदा करून बघा.

टू-इन-वनचं दुखणं पट्ट्याचं. मोटर फिरते, चाक नाही, म्हणजे रबरी पट्टा एकतर सैल पडलाय किंवा त्याचं डांबर झालंय. हे डांबर मी अतिशयोक्ती म्हणून म्हणत नाही. काही रबर इतकी वर्षं झाली की खरंच वितळतं, काळं, चिकट, बोटाला लागलं की तीन दिवस जात नाही. पुलीवरचा थेंबन् थेंब स्पिरिटनं काढा (इथं स्पिरिट चालतं, बेळगावकरांनी गैरसमज करून घेऊ नये), नाहीतर नवा पट्टाही त्यात रुतेल. नव्या पट्ट्याचं माप दोऱ्यानं घ्या: पुलीभोवती दोरा फिरवा, आणि त्याहून थोडा आखूड पट्टा मागा. रबरी रोलर साबणपाण्यानं, हेड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा.

यानंतर पहिल्यांदा लावायची ती आईची कॅसेट नव्हे. कुठलीही भिकार कॅसेट लावा, अर्धा तास चालू द्या, टेप खात नाही याची खात्री करा.

आता शेवटची गोष्ट, आणि यानंच सगळ्यात जास्त फरक पडेल. हेडच्या शेजारी दोन स्क्रू असतात, त्यातल्या एकाखाली स्प्रिंग असते. त्या स्क्रूनं हेड किंचित डावीउजवीकडे कलतं. १९८८ ला ज्या टेपवर रेकॉर्ड झालं त्याचं हेड जरा कललेलं असेल, तर आजच्या सरळ हेडवर त्यातले बारीक, उंच आवाज जातात आणि सगळं घोगरं होतं. स्क्रू आधी कुठं होता याची खूण करा. कॅसेट चालू ठेवून बारीक स्क्रूड्रायव्हरनं पाव फेऱ्यापेक्षा कमी, इकडं तिकडं फिरवा. कान ओवीच्या शब्दांकडे देऊ नका, जात्याच्या घरघरीकडे तर नाहीच. खुंट्यावरच्या हातातल्या बांगड्या ऐका. काचेची किणकिण जिथं सगळ्यात स्वच्छ येईल, तिथं थांबा. शब्द आपोआप मागून येतील.

त्याच बैठकीत कॉम्प्युटरवर घ्या, वेव्ह फाइलमध्ये, एमपीथ्री नंतर हवी तेवढी काढता येते. खरखर काढायचं सॉफ्टवेअर मूळ फाइलवर चालवू नका. ते बांगड्यांनाच खरखर समजतं.

*

आम्ही न्यू जर्सीला असतो. आईवडिलांचा सूटकेससारखा रेकॉर्ड प्लेयर भारतातून आणला. ११० चे २२० करणारा ट्रान्सफॉर्मर लावला, प्लेयर चालतो, पण गाणी घाईघाईनं पळतात. पट्टा बदलायला हवा का?

पट्टा नाही, देश बदललाय. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट वाढवतो, वीज सेकंदाला किती हेलकावे घेते ते बदलत नाही. आपल्याकडे ५० हर्ट्झ, तुमच्याकडे ६०. तुमच्या प्लेयरमधली एसी मोटर त्या हेलकाव्यांच्या तालावर फिरते, त्यामुळे ३३⅓ ची तबकडी तिकडं मिनिटाला ४० फेरे घेते. लय तर वाढतेच, सूरही चढतो. काळी एकमध्ये गाणारा माणूस तुमच्या दिवाणखान्यात पांढरी तीनच्याही किंचित वर गातोय. वडिलांना विचारा, त्यांनी ओळखलं असेल.

उपाय दोन. मोटरच्या दांड्यावर पायऱ्यापायऱ्यांची पितळी पुली असते. खराद्याकडून तशीच दुसरी, प्रत्येक पायरीचा व्यास पाच-षष्ठांश करून घ्या. मूळची पुली कागदात गुंडाळून प्लेयरच्या आतच चिकटवून ठेवा, पुढं कुणी तो परत आणला तर लागेल. किंवा ५० हर्ट्झ, २३० व्होल्ट देणारा शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर घ्या. पुलीचं काम मला जास्त आवडतं, पण इन्व्हर्टर शनिवारी मागवला की सोमवारी येतो, हेही खरं.

*

रेकॉर्ड प्लेयरची मोटर, सुई, वायर सगळं ठीक, पण आवाज मुंगीसारखा. ॲम्प्लिफायर दुसऱ्या प्लेयरवर खणखणीत वाजतो. (रत्नागिरी)

कार्ट्रिज, म्हणजे सुई बसते ती डबी, क्रिस्टलची असणार, आणि ती तुमच्या पावसाळ्यानं खाल्ली. त्या काळच्या स्वस्त कार्ट्रिजमध्ये रोशेल सॉल्ट नावाच्या क्षाराचा स्फटिक असतो. दाबला की वीज देतो, पण शेवटी मीठच ते. दमट हवेत पाणी ओढून घेतं आणि मरतं. दुरुस्ती नाही. त्या जागी सिरॅमिकची कार्ट्रिज बसवा. मॅग्नेटिक घेऊ नका, तिचा सिग्नल दोन-पाच मिलिव्होल्टचा, तुमच्या ॲम्प्लिफायरला तो ऐकूच जाणार नाही. ७८ वाजवणार असाल तर जाड टोकाची वेगळी सुई मागा. लाँगप्लेइंगची सुई त्या खोबणीच्या तळाशी जाऊन मळ उपसत बसते.

*

रेडिओ दुरुस्त करून आणला, तरी मीडियम वेव्हवर नुसती भर्रऽ. (ठाणे)

मर्फी रेडिओचा कारखाना ज्या गावात होता तिथून हे पत्र यावं! मेकॅनिकला दोष देऊ नका. घरातले एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, पंख्याचे रेग्युलेटर एकेक करून बंद करा. भर्र कुठल्या बटणाबरोबर थांबते ते कागदावर लिहा. माझ्या घरी गुन्हेगार निघाला तो देवघरातला दिवा. ५५८ किंवा १०४४ किलोहर्ट्झवर काटा ठेवून बघा, मुंबई तिथंच लागायची. आणि एरियल म्हणून हातभर वायर लोंबकळत ठेवू नका. पूर्वी खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी बांधायचे, ते काही शोभेला नव्हतं.

*

जुना रेडिओ विकायचाय. किंमत किती येईल? आतल्या लाकडावर पेन्सिलीनं काहीबाही तारखा लिहिल्यात, त्या खोडून पॉलिश केलं तर जास्त येईल का? (कोल्हापूर)

किमती मी सांगत नाही, हे दर अंकात लिहिते. तारखा खोडू नका. तो त्या रेडिओचा दवाखान्याचा कागद आहे. कुठल्या मेकॅनिकनं कधी काय बदललं ते तिथं असतं. वडिलांची तर स्वतःची भाषा होती: ‘फि. बद. १२/६/७१’ म्हणजे फिल्टर बदलला, आणि खाली एक टिंब म्हणजे गिऱ्हाईक उधारीवाला. मागच्या वर्षी सांगलीहून एक सेट माझ्याकडे आला, आत तीन टिंबं होती. मालकांना मी काही बोलले नाही.

*

रेडिओचा मॅजिक आय (स्टेशन लागल्याचं दाखवणारा डोळा) अगदी मंद झालाय, अंधारातच हिरवा दिसतो. उजळता येईल का? (नागपूर)

नाही. आतल्या पडद्यावरचा चमकणारा लेप झिजला की झिजला. व्होल्टेज वाढवून तो चार दिवस उजळवणारे आहेत, पाचव्या दिवशी तो कायमचा मिटतो. दुसरा मिळाला तर ईएम ८० की ईएम ८१ की ८४ हे नीट बघून घ्या, नुसतं ‘डोळ्याचा व्हॉल्व्ह’ मागितलात तर हातात येईल तो बसेलच असं नाही. मिळेपर्यंत रेडिओला काही होत नाही, तो डोळ्याशिवायही वाजतो. स्टेशन नेमकं लागलं की नाही हे आपण कानानं ठरवायचं.

जुन्या सेटमध्ये नसलेली वस्तू बसवू नये, असं मी इथं वर्षानुवर्षं लिहीत आलेय. पण माझ्या घरच्या सेटचा डोळा अजून हिरवागार आहे, कारण त्याच्या पडद्याकडे जाणारं हाय टेन्शन, म्हणजे ते शेकडो व्होल्ट, तोडणारा एक छोटा स्विच मी मागच्या पट्टीवर, कुणाला दिसणार नाही असा, बसवलाय. एरवी डोळा मिटलेला असतो. पाहुणे आले की चहा ठेवायच्या आधी मी रेडिओच्या मागे हात घालते.